भावाकडे दिल्लीचा भाव मागू नका

"बाहेरच्यांनी गोवा विकत घेतला" हे वाक्य हल्ली लग्नाच्या पंगतीत ऐकू येते, बाराव्याला ऐकू येते आणि कदंबाच्या बसमध्ये तर रोजच. ऐकून ऐकून कान किटले, म्हणून हे लिहायला बसले. विकत घेणारा सगळ्यांना दिसतो. मग विकणारा कुठे गेला? खरेदीखतावर दोन बाजूंच्या सह्या असतात. त्यातली एक बाजू दिल्लीची, हैदराबादची, मुंबईची असेल. दुसरी आडनावे वाचून बघा. ती तुमची-माझी आहेत.

मी बोलते आहे ती पणजीतली खाडीकाठची वस्ती. मळा, फोंताइन्यश (पर्यटक त्याचे काय काय उच्चार करतात ते सोडा), पोर्ताइश, आणि कोंदे द लिन्यारिशने १६३३-३४ मध्ये बांधलेल्या बांधाच्या पलीकडचे रायबंदर. माझे माहेर मळ्यात. लग्न होऊन फोंड्याला आले त्याला तीस वर्षे होऊन गेली, तरी कोणी "तुम्ही कुठच्या?" विचारले की तोंडून आधी मळाच येतो.

या वस्तीतले घर विकायला काढले की जाहिरातीत पहिला शब्द असतो "पोर्तुगीज". पोर्तुगीज व्हिला, पोर्तुगीज हेरिटेज होम. अहो, भिंतीचा चिरा गोव्याचा, चुना शिंपल्यांचा, छपराची कौले मंगळूरची, खिडकीच्या तावदानांत काचेऐवजी बसवलेले शिंपले आमच्याच खाड्यांतले, आणि आत चौकात तुळस. एका जाहिरातीत मी तुळशीवृंदावनाला "अँटिक गार्डन पेडेस्टल" म्हटलेले या डोळ्यांनी वाचले आहे. पोर्तुगीजांचे यात काही नाही असे मी म्हणत नाही. पणजीचा हा भाग दलदल बुजवून, माडांची भाटे मोडून उभा राहिला, १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली, आणि त्या राजधानीच्या कचेऱ्यांत, दुकानांत काम करणारी माणसे इथे घरे बांधून राहिली. त्यांत किरिस्तांव होते तसे हिंदूही होते. पण "पोर्तुगीज" म्हटले की दर चढतो आणि "नायकांचे घर" म्हटले की चढत नाही, हे विकणाऱ्यालाही ठाऊक आहे. तोही मुकाट्याने आपल्या आजोबाचे घर पोर्तुगीजांच्या नावे करून टाकतो!

दुसरा शब्द "व्ह्यू". आमच्या घराचा दर विचारायला आलेल्या एका दलालाने माझ्या भावाला सरळ सांगितले, "सायबा, तुमी घर विकनात, व्ह्यू विकतात." फोटो काढले ते डिसेंबरात. आषाढात मुसळधार पाऊस आणि भरती एकदम आली की मळ्यातल्या पाण्याला खाडीत उतरायला वाट उरत नाही, ते रस्त्यावर तुंबते, कधी उंबऱ्याला लागते. त्या दिवसांत माझी वैनी तांदळाचा डबा माळ्यावर चढवते. तो व्ह्यू जाहिरातीत नसतो.

असो. मुद्दा वेगळा आहे आणि तो कायद्याचा आहे, म्हणून जरा सावकाश वाचावे.

आपल्याकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली. वारसाहक्काचा आणि इन्व्हेंटरीचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या कायद्यात आला आहे. तो कायदा २०१६ च्या डिसेंबरात अमलात आला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची निम्मी निम्मी. मुलगा-मुलगी वारसाहक्कात समान. उरलेल्या भारतात बहुतेक ठिकाणी हिंदू कुटुंबांत वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क मिळायला २००५ साल उजाडले, हे आपण परिसंवादांतून छाती फुगवून सांगतो. सांगावेच. मला त्याचा अभिमान आहे.

आता हा कायदा एका घरात कसा चालतो ते पाहा. आमचेच घर घेते. वडील गेले. निम्मे घर आईचे, ते तिचे होतेच. उरलेल्या निम्म्यात आम्ही पाच भावंडे, म्हणजे प्रत्येकी एक दशांश. आम्ही पाचही जण लग्न झालेले, तेव्हा त्या दशांशातही अर्धा जोडीदाराचा. माझा नवरा मळ्याच्या घरात आयुष्यात सलग चार रात्री राहिला नसेल, पण विसाव्या हिश्श्याचा मालक आहे. घर विकायचे तर अकरा सह्या लागतात. आई "काबेस द काझाल", दोन भाऊ पणजीत, एक बहीण पुण्यात, धाकटा बंगळुरात, मी फोंड्यात.

घरात राहतो तो एकच, थोरला. दादा निवृत्त कारकून. आईचे औषधपाणी, दर पावसाळ्याआधी कौले चाळणे, वाळवी, घरपट्टी, सगळे त्याच्या अंगावर. बाकीचे आम्ही चतुर्थीला येतो, माटोळीखाली उभे राहून फोटो काढतो आणि "हे घर काही झाले तरी राहिले पाहिजे" असे म्हणून नेवऱ्यांचे डबे घेऊन परत जातो.

कायदा अशा वेळी राहणाऱ्याला दोन वाटा देतो. इन्व्हेंटरीत वारसांना आपापसांत बोली लावता येते. ज्याची बोली वरची त्याला घर, बाकीच्यांना त्यांचा वाटा पैशात. दुसरी वाट, कोणी वाटेकरी आपला हिस्सा परक्याला विकू लागला तर त्याच किमतीला तो घेण्याचा अग्रहक्क इतर वाटेकऱ्यांना असतो. किती शहाणा कायदा! घर घराण्यात राहावे म्हणून केलेला. पण "त्याच किमतीला" या दोन शब्दांत सगळी मेख आहे. कायदा हक्क देतो, पैसे देत नाही.

समजा, दलालाने व्ह्यूसकट पाच कोटी म्हणून सांगितले. दादाला चार भावंडांचे चार दशांश द्यायचे, म्हणजे दोन कोटी रुपये. आईचा अर्धा भाग मी धरलेलाही नाही. निवृत्त कारकून दोन कोटी कुठून आणणार? तो बोली लावतच नाही. मग इन्व्हेंटरी लोंबकळत पडते, घराला कोणी हात लावत नाही, कारण "उद्या विकायचेच आहे". वासे कुजतात, मागची पडवी बसते. पाच-सात वर्षांनी सगळे म्हणतात, आता विकण्यावाचून इलाज नाही. अकरा सह्या होतात. आणि तेराव्या दिवशी आपण म्हणतो, बाहेरच्यांनी गोवा विकत घेतला.

दिल्लीवाल्याने काय केले इथे? त्याने एक आकडा सांगितला. तो आकडा आपल्याच भावाच्या गळ्याला लावला तो आपण.

मळ्यातल्या घराला पाच कोटी दर हा राहण्याचा दर नाही. तो बुटिक हॉटेलचा, दोन आठवड्यांच्या सुट्टीचा, कॅफेचा दर आहे. त्या घरात राहून, मुलांना मुष्टिफंडात घालून, पगारावर किंवा पेन्शनीवर जगणारा कोणीही माणूस तो फेडू शकणार नाही. गोव्यातला नाही, दिल्लीतलाही नाही. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: जो भाऊ किंवा बहीण त्या घरात राहणार आहे, तिच्याकडे राहण्याचा दर मागा. दीड कोटी धरा. वाटा पंधरा लाखांवर येतो, चौघांचे साठ. तेही एकरकमी नको, हप्त्यांनी घ्या, दहा वर्षे लागली तर लागू देत. आणि कागदावर एक अट घाला, की उद्या यानेच बाहेर विकले तर वरचा फायदा सगळ्यांत वाटायचा. ती कशी बसवायची हे वकिलाला विचारावे, पण घालाच. नाहीतर स्वस्तात घेऊन महागात विकणारे भाऊही मी पाहिले आहेत, उगाच भाबडेपणा नको.

यावर माझ्या बहिणीने विचारले, "म्हणजे मी पस्तीस लाखांवर पाणी सोडायचे? का म्हणून?" प्रश्न रास्त आहे. तिच्या मुलीचे शिक्षण आहे, पुण्याचा फ्लॅट कर्जावर आहे. बहिणींनी सोडायचे आणि भावांनी घ्यायचे हा खेळ आपल्याकडे कायदा धाब्यावर बसवून पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. नोटरीपुढे हक्कसोडीवर सही करून एक साडी घेऊन परतलेल्या आत्या प्रत्येक घरात आहेत. मी ती साडी परत आणा असे म्हणत नाही. वाटा घ्याच. राहणाऱ्यानेही "मी सगळे केले" म्हणून फुकटची मालकी सांगू नये. कौलांचा खर्च मांडावा, तसे इतकी वर्षे भाडे भरले नाही तेही मांडावे. वाटा किती, हे ठरवताना फक्त इतके बघायचे की समोर भाऊ आहे की गिऱ्हाईक.

"घर आमचे, कोणालाही विकू, तू कोण सांगणारी?" असेही कोणी म्हणेल. कायद्याने त्याचे खरे आहे. विकणे हा गुन्हा नाही. ज्यांच्या घरात राहायला कोणीच उरले नाही त्यांनी विकावे. फक्त घेणारा दार उघडणारा आहे का, हे एकदा विचारावे. तो पंजाबी असला तरी माझी हरकत नाही. आमच्या गल्लीत एक बंगाली कुटुंब भाड्याने राहते, त्यांची मुलगी मारुतीच्या जत्रेत आमच्या भाच्यांबरोबर फिरते. हरकत आहे ती कुलपाला. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या दर पाच घरांमागे सुमारे एक रिकामे निघाले होते. मळ्यात हे मोजायला जनगणना लागत नाही, दिवेलागणीला एक फेरी मारली की पुरे. एकेकाळी पेपरवाला आमच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक दारात मराठी पेपर टाकायचा. आता तो चार ठिकाणी थांबतो. १९८७ च्या राजभाषा कायद्यावरून अजून तावातावाने भांडणाऱ्या आपल्या लोकांनी त्या चार दारांचाही हिशेब कधी तरी करावा.

सरकारकडून माझ्या फार अपेक्षा नाहीत. मांडवीत कॅसिनोंची जहाजे नांगरून ठेवून रात्रभर त्यांचे दिवे बघायला लावणारे, २०२३-२४ मध्ये स्मार्ट सिटीच्या नावाने म्हाताऱ्या माणसांना घराबाहेर पाऊल टाकता येऊ नये इतके रस्ते खणणारे सरकार ते. तरी एक सांगते. वर्षातले दहा महिने बंद असलेल्या घराला आणि राहत्या घराला घरपट्टीत एकच माप लावू नका. आणि जुने घर दुरुस्त करून त्यात राहणाऱ्या वारसाला बाकीच्यांचे वाटे फेडायला स्वस्त कर्ज द्या. हॉटेलांना सवलती देताना हात आखडत नाही, मग इथेच का?

आमच्या इन्व्हेंटरीची पुढची तारीख पावसाळ्यानंतरची आहे. मी माझा आकडा दादाला लिहून दिला आहे, पंधरा लाख, हप्त्यांनी. नवऱ्यानेही सही केली, थोडे कुरकुरत. पुण्याची बहीण वीस म्हणते. मधला भाऊ दादाबरोबर आहे. धाकट्याने अजून काही कळवलेले नाही, पण दलालाचा फोन त्याला परवा येऊन गेला असे वैनी सांगत होती.