जो पिकवील, तोच विकील

कॅलिफोर्नियातल्या शेतकरी बाजारात भेंडी, मेथी, कारली दिसू लागली की आपल्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: मग आंबे आणि नारळ का नाहीत? घाऊक बाजारातून माल आणून इथे विकला तर कोणाचं काय बिघडतं? उत्तर 1977 सालच्या नियमांत आहे. तोवर विक्रीच्या भाजी-फळांना आकार, वेष्टन आणि लेबलाच्या ठरावीक अटी पाळाव्या लागत. लहान शेतकऱ्याला तो खर्च झेपत नसे, म्हणून माल दलालाकडे जाई. प्रमाणित बाजारात थेट ग्राहकाला विकणाऱ्याला राज्याने या अटींतून सूट दिली आणि बदल्यात एकच मागणी केली: माल स्वतः पिकवलेला हवा. काउंटीचा कृषी आयुक्त पिकांची नोंद करून दाखला देतो आणि तो ठेल्यावर लावावा लागतो. आणलेला माल इथे विकणारा व्यापारी म्हणजे दुसऱ्यासाठी ठेवलेली सवलत उचलतो, आणि पाऊस-पाण्याची जोखीम घेणाऱ्याचाच भाव पाडतो.

यावर कोणी म्हणेल, हा ग्राहकाच्या निवडीवर घाला आहे. पण त्याच फळांना दुकानाची वाट मोकळी आहे. अडवलं आहे ते ‘शेतकरी’ म्हणवून घेणं. नियम आंधळाही नाही. ठरावीक अटींवर शेतकऱ्याला आणखी दोन प्रमाणित शेतकऱ्यांचा माल विकता येतो, आणि तयार खाद्यपदार्थ व हस्तकलेला बाजारालगत वेगळी जागा देता येते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तपासणी नसेल तर नियम कागदावरच राहतो आणि भुर्दंड प्रामाणिक माणसाला पडतो. म्हणूनच 2014 च्या कायद्याने दर ठेल्यामागे बाजाराच्या दिवसाचं शुल्क 60 सेंटवरून 2 डॉलर केलं, तपासणीला पैसा उभा केला आणि ‘आम्ही विकतो ते आम्हीच पिकवतो’ अशा अर्थाची पाटी सक्तीची केली. शेजारी स्वस्त घाऊक टोमॅटोचा ढीग लागला तर शेतकऱ्याचं होणारं नुकसान या 2 डॉलरांहून कितीतरी मोठं असतं.

घरगुती खाद्यपदार्थांचा 2013 पासून लागू असलेला कायदाही याच तत्त्वावर उभा आहे. व्यावसायिक स्वयंपाकघराची अट माफ, पण पदार्थ फ्रिजविना टिकणारे हवेत आणि ते घरच्या स्वयंपाकघरात केल्याचं लेबलवर छापलेलं हवं. आपल्या दिवाळी मेळ्यात मात्र ‘घरगुती’ या एका शब्दावर चार डॉलर जास्त घेतले जातात आणि तो शब्द कोणी तपासत नाही. पुण्याहून आलेली चकलीची पाकिटं विकण्यात गैर काहीच नाही. ती फोडून डब्यात भरून घरची म्हणून विकणं गैर आहे. एकमेकांवर अविश्वास कशाला, असं काहींना वाटेल. पण पहाटेपासून भाजणी भाजणाऱ्या बाईच्या कष्टाला वेगळा भाव मिळायचा, तर तिचा डबा वेगळा ओळखू यायला हवा. म्हणून यंदा टेबलाच्या अर्जावर ‘स्वतः केलेले’ आणि ‘आणलेले’ असे दोन रकाने असावेत, आणि जे लिहिलं तेच टेबलावर लावावं, अशी कार्यकारिणीला आमची सूचना आहे.