खडीची हौस

पुण्यात हल्ली ‘ग्रॅव्हल बाईक’ नावाचं प्रकरण आलं आहे. ग्रॅव्हल म्हणजे खडी. ४० मिलिमीटर रुंदीचे टायर, आणि किंमत अशी की, ऐकूनच घाट चढल्यासारखी धाप लागावी! ही मंडळी रविवारी मोसे आणि आंबी नद्यांच्या खोऱ्यांत, वरसगाव-पानशेत धरणांच्या वरच्या अंगाला, झाडीतून धक्के खात हिंडतात आणि वर म्हणतात, “इथं डांबर नको हो, मजा जाते!”

अहो, दुधाच्या किटल्या बांधून त्याच वाटेवर साधी सायकल रेटणाऱ्याला विचारलंत? अडलेल्या सुनेला जीपमधून नेताना खड्डे मोजणाऱ्या सासूला? तुमचा रविवार संपतो; त्यांचा सोमवार खडीवरच उजाडतो. जंगल राखा, नदी राखा, जरूर राखा. पण दुसऱ्याची गैरसोय राखायची असेल, तर आधी तिथं एक पावसाळा काढा!