अंदाजाचे रंग बंद करा

संकेतस्थळावर कोड टाकला की तो आपोआप रंगतो. वाचकाची सोय म्हणून ही व्यवस्था आली, पण अनेकदा तीच त्याची दिशाभूल करते. हायलाइट.जेएससारख्या लायब्ररीला भाषा सांगितली नाही, तर ती ओळखीच्या शब्दांना आणि खुणांना गुण देते. जिला गुण जास्त, ती भाषा खरी मानते. म्हणजे हा निव्वळ अंदाज. पायथनमध्ये दोन तिरक्या रेषा भागाकार करतात. 7 // 2 चे उत्तर 3. जावास्क्रिप्टमध्ये मात्र त्याच रेषांपुढचे सारे टिप्पणी ठरते. अंदाज चुकला की चालू हिशेब टिप्पणीसारखा फिकट दिसतो आणि नवशिका तो वगळून पुढे जातो. कोडमधले एक अक्षरही बदललेले नसते, तरी वाचणाऱ्यापुरता अर्थ बदललेला असतो!

‘रंगांशिवाय कोड वाचणे अवघड जाते,’ असे म्हणतात. मान्य. मग लिहिणाऱ्याने भाषेचे नाव द्यावे, खुशाल रंग लावावेत. नाव नसेल तिथे साधा काळा मजकूरच ठेवावा. रंग नसला तर वाचक स्वतः नीट वाचतो. चुकीचा रंग मात्र त्याला खात्रीच्या थाटात खोटे सांगतो.