गाडी मुंबईची, पण उतरायचे कोठे?

धावड्याच्या व्यापाऱ्याला मुंबईचा बाजार करावयाचा तर दोन वाटा आहेत. एक भोकरदनवरून जालन्याची, दुसरी अजिंठा, फर्दापूर, पहूर करीत जळगावची. दोन्हीकडे आधी एस.टी., मग रेल्वे. भाड्यात फार फरक पडत नाही. तरीही ज्याला खेपेमागून खेप करावी लागते तो मणियार, अत्तार किंवा कटलरीवाला जालन्याचीच वाट धरतो. कारण विचारले तर एका शब्दात सांगतो, "व्हीटी."

जालन्याच्या लाइनीवरून जाणारी देवगिरी एक्स्प्रेस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या व्हीटीपर्यंत जाते. जळगाववरून मुंबईकडे गाड्या ढीगभर, पण उत्तरेकडून येणाऱ्या त्यांतील कित्येक कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला संपतात. नकाशात पाहिले तर अंतर थोडे. पाठीवर गाठोडे घेऊन पाहिले तर फार आहे. आज आम्ही याच विषयावर लिहीत आहोत, कारण लांब पल्ल्याच्या गाड्या शहराच्या पोटातून काढून वेशीवर थांबविण्याचा रिवाज वाढत चालला आहे आणि आपली व्यापारी बिरादरी त्याबद्दल गप्प आहे.

लहान व्यापाऱ्याच्या खेपेचा हिशेब मोठ्या साहेबांना माहीत नसतो, म्हणून तो मांडतो. रात्री जालन्याला गाडीत बसायचे, झोप गाडीतच घ्यायची. सकाळी व्हीटीला उतरायचे, तोंड धुऊन चहा प्यायचा आणि पायीच मस्जिद बंदर, अब्दुल रहमान स्ट्रीट, क्रॉफर्ड मार्केट, मोहम्मद अली रोड गाठायचे. हत्यारे किंवा मशीनचे सुटे भाग हवे असतील तर नागदेवी तेथून चार पावलांवर. दिवसभर भाव करून माल बांधायचा, नमाज जवळच्या मशिदीत, संध्याकाळी हमालाच्या डोक्यावर किंवा हातगाडीवर गाठोडी टाकून पुन्हा स्टेशन. रात्रीची गाडी, पहाटे जालना. या साऱ्यात लॉजचे भाडे नाही आणि टॅक्सी नाही. दुकान बंद राहते ते एकच दिवस.

समजा, एखादा मणियार २५ हजारांचा माल आणतो. आठवडी बाजारात बसून, अर्धा माल उधारीवर देऊन त्याला त्यात जे सुटते, त्यातून एका रात्रीचा मुक्काम, दोन वेळचे जेवण आणि दोन टॅक्सी वजा करा. शिवाय दुकानाचा आणखी एक दिवस बुडाला तो वेगळाच. अशी खेप करण्यापेक्षा जालन्याच्या ठोक दुकानदाराकडूनच चढ्या भावाने माल घ्यावा असे त्याला वाटू लागते. मग गावात त्याच्या बांगडीचा भाव वाढतो आणि गिऱ्हाईक भोकरदनला जाऊन खरेदी करते. शेवटच्या दहा-पंधरा किलोमीटरने होणारे नुकसान हे असे असते. ते रेल्वेच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

कोणी म्हणेल, दादर, ठाणे किंवा कल्याणला गाडी थांबली तर लोकल आहेच की. हे म्हणणारा सकाळच्या लोकलमध्ये गाठोडे घेऊन कधी चढलेला नसावा. सकाळी सगळी मुंबई दक्षिणेकडे धावते आणि आपल्यालाही त्याच वेळी त्याच दिशेने जावयाचे असते. संध्याकाळी सगळी मुंबई उत्तरेकडे परतते, तेव्हा आपणही माल घेऊन उत्तरेकडेच. म्हणजे दोन्ही वेळा गर्दीच्या तोंडी. लोकलला लगेजचा डबा असतो, पण त्या वेळी त्यातही पाय ठेवायला जागा नसते. आणि हेही लक्षात घ्या की देवगिरी कल्याण, ठाणे, दादरला थांबतेच. ज्याचे काम तिकडे आहे तो आजही तेथे उतरतो. गाडी अलीकडे तोडली तर त्याचा फायदा काही होत नाही, पुढे जाणाऱ्याचा तोटा मात्र नक्की होतो.

कुर्ल्याची गोष्ट आणखी निराळी. तेथे अवेळी गाडी आली की बाहेर रिक्षावाले उभे असतात, पण रिक्षाला शीवच्या पुढे शहरात जाण्यास मनाई आहे. म्हणजे माल घेऊन भेंडी बाजारला जावयाचे तर टॅक्सीच, आणि रात्री-पहाटे टॅक्सीवाला परगावच्या माणसाचा चेहरा पाहून भाव सांगतो. नव्या माणसाला बहुधा कोणी सांगत नाही की टर्मिनसपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर हार्बर लाइनचे टिळकनगर स्टेशन आहे आणि तेथून लोकल थेट मस्जिदला जाते. आम्ही हे मुद्दाम लिहीत आहोत. ज्यांना जळगाववरून जावे लागते त्यांनी ध्यानात ठेवावे. मोकळ्या हाताने ती वाट चांगली आहे. माल घेऊन मात्र जिने चढताना अल्लाह आठवतो.

रेल्वेची बाजू नाही असे आम्ही म्हणत नाही. व्हीटीला एकूण १८ फलाट, त्यांतील ७ लोकलसाठी. ही वास्तू १८८७-८८ च्या काळातली, तेव्हा आजच्या गर्दीची कल्पना कोणी केली नव्हती. कुर्ल्याचे टर्मिनस १९९१ पासून सुरू झाले ते याच ताणामुळे. उत्तर प्रदेश, बिहारकडच्या एवढ्या गाड्या व्हीटीला घेणे शक्यच नव्हते. कुर्ल्यापासून व्हीटीपर्यंत पाचवी-सहावी लाइन नसल्याने लांबच्या गाडीला लोकलच्या मधून वाट काढावी लागते. २०२४ च्या जूनच्या आरंभी फलाट क्रमांक १० व ११ लांब करण्यासाठी व्हीटीला ३६ तासांचा ब्लॉक घेण्यात आला, त्यायोगे २४ डब्यांच्या गाड्या तेथे उभ्या राहू शकतात. असे काम व्हावयासच हवे. त्याआधी २०२२ च्या नोव्हेंबरात मस्जिद बंदराजवळचा जुना कर्नाक पूल पाडताना २७ तासांचा ब्लॉक होता. अशा वेळी कित्येक गाड्या अलीकडेच थांबवाव्या लागल्या. दोन दिवसांची गैरसोय कामासाठी सोसू. आमचे भय निराळे आहे. दोन दिवसांसाठी केलेली सोय "तात्पुरती" म्हणत म्हणत कायमची होते.

जनशताब्दीचेच पाहा. औरंगाबाद, जालन्याची ही गाडी कित्येक वर्षे दादरहून सुटे आणि दादरलाच संपे. पुढे ती व्हीटीपर्यंत नेण्यात आली खरी, पण दरम्यानच्या काळात "मराठवाड्याची गाडी दादरपर्यंत" हे सर्वांच्या अंगवळणी पडून गेले होते. पुण्यात हडपसरचे स्टेशन टर्मिनस म्हणून पुढे आणले गेले, हैदराबादकडची गाडी तेथून सुटू लागली, नांदेडकडच्या गाडीचीही तीच गत झाली. हैदराबादला चेर्लापल्लीचे नवे टर्मिनल ६ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाले आणि सिकंदराबाद स्टेशनचे नवे बांधकाम चालू असल्याने तिकडच्या गाड्या चेर्लापल्लीला नेण्याचा सपाटा लागला. मेट्रो तेथवर नाही. आपल्या भागाची अजिंठा एक्स्प्रेस काचीगुड्याला जाते, तेथून बेगम बाजार आणि लाड बाजार हाकेच्या अंतरावर नसले तरी रिक्षाच्या आवाक्यात आहेत. हीच गाडी उद्या चेर्लापल्लीला थांबली तर बांगडीवाल्याची हैदराबादची खेपही मुंबईसारखीच महाग होईल.

आम्हाला जुना काळ आठवतो. ही लाइन निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास मीटर गेजची झाली आणि मनमाडला संपली. मुंबईला जाणाऱ्याने मनमाडला उतरायचे, माल उतरवायचा, पलीकडच्या फलाटावर मोठ्या गाडीत चढवायचा. १९९० च्या दशकात लाइन रुंद होईपर्यंत हेच चालले. मनमाडचे हमाल आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना नावाने ओळखत असे जुने लोक सांगतात. त्या उतरवा-चढवीत काच फुटे, गाठोडे हरवे, वेळ जाई. इतक्या वर्षांनी थेट गाडी मिळाली. तीच उतरवा-चढव आता मनमाडऐवजी दादर-ठाण्याला नको, एवढेच मागणे आहे.

स्टेशन दूर असणे हाच गुन्हा आहे असेही नाही. हज-उमरा करून आलेल्या बांधवांनी पाहिले असेल, २०१८ साली सुरू झालेल्या हरमैन रेल्वेचे मक्केतील स्टेशन हरमला लागून नाही, रुसैफा भागात काही किलोमीटरवर आहे. तेथून पुढे बस आणि टॅक्सी आहे. लंडनचीही कथा अशीच. तेथे १८४६ मध्ये शाही आयोगाने शहराच्या मध्यभागी रेल्वे आणण्यास विरोध केला, म्हणून मोठी स्टेशने कडेला राहिली. पण १८६३ मध्ये जमिनीखालची रेल्वे काढून ती स्टेशने जोडण्यास सुरुवात झाली. आपल्याकडे गाडी आधी दूर नेतात आणि पुढची सोय मागाहून पाहू म्हणतात.

व्यापारही जागा बदलतो हे मान्य करावे लागेल. मुंबईचा कांदा-बटाटा बाजार १९८१ मध्ये वाशीला गेला, फळे-भाजीपाला १९९६ मध्ये. धान्य आणि मसाल्याचा ठोक बाजारही मस्जिद बंदर सोडून तिकडे गेला. भोकरदन तालुक्याच्या हिरव्या मिरचीचा आमचा बागवान व्यापारी वाशीच्या कामाला गेला तर त्याला कुर्ला किंवा ठाणे सोयीचेच पडेल. त्याचा माल तर ट्रकनेच जातो. म्हणून सगळ्या गाड्या व्हीटीलाच आणा असा हट्ट आम्ही धरीत नाही. पण कपडा, कटलरी, बांगडी, शिलाई मशीनचे भाग, प्लास्टिक, अत्तर, टोप्या यांचा बाजार आजही तेथेच आहे, आणि ही खरेदी हातात वाहून आणणाऱ्या लहान माणसाची आहे. रमजानच्या आधीच्या पंधरवड्यात व्हीटीच्या फलाटावर एक चक्कर मारली तर कोणासही दिसेल.

पार्सलचा मुद्दा फारसा कोणी बोलत नाही. सेकंड क्लासच्या प्रवाशाला ३५ किलो आणि स्लीपरला ४० किलो सामान फुकट नेता येते. त्याहून जास्त असेल तर बुक करावे लागते. गाडी ज्या टर्मिनसहून सुटते त्याच्या पार्सल ऑफिसात माल नेऊन टाकायचा. टर्मिनस बदलले की पार्सलही तेथेच न्यावे लागणार, म्हणजे मस्जिद बंदराहून टेम्पो करावा लागणार. टेम्पोचे भाडे पार्सलच्या भाड्याहून जड होते. गाडी हलविण्याचा हुकूम निघतो त्यात प्रवाशांविषयी दोन ओळी असतात, पार्सलचे नावही नसते.

मागे एकदा असाच ब्लॉक होता. आमच्यापैकी तिघे माल घेऊन निघाले, स्टेशनवर गेल्यावर कळले की गाडी येथून नाही, पुढच्या स्टेशनवरून सुटणार. मोबाइलवर निरोप आला होता म्हणतात, तो इंग्रजीत होता आणि तिकीट एजंटाच्या नंबरावर गेला होता. टॅक्सीचे पैसे गेले, एक पेटी फुटली आणि गाडी मिळाली ती सुटता सुटता. चूक थोडी आमचीही होती. तिकीट काढताना आपला नंबर द्यावा, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

आता करावयाचे काय? आमची लाइन दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात आणि व्हीटीचा फलाट मध्य रेल्वेचा. गाडी एकाची, घर दुसऱ्याचे. घरवाल्याला जागा कमी पडली की आधी पाहुण्याला ओसरीवर बसवितात. म्हणून तक्रार करावयाची तर दोन्हीकडे करावी लागेल. विभागीय रेल्वे उपभोक्ता सल्लागार समितीवर व्यापारी संघटनांचे प्रतिनिधी असतात. आपल्या किती संघटनांनी तेथे नाव पाठविले? खासदारांना भेटण्यास आपण लग्नाच्या पत्रिका घेऊन जातो, मागणीचा कागद घेऊन जात नाही. देवगिरी आणि तपोवन व्हीटीपर्यंतच राहाव्यात, ब्लॉकच्या काळात गाडी अलीकडे थांबली तर तेथून बाजारापर्यंत बेस्टची बस गाडीच्या वेळेवर असावी, पार्सल जुन्याच ऑफिसात घ्यावे आणि सूचना मराठी व उर्दूत आठ दिवस आधी लागावी, एवढा एक कागद पुरे. त्यावर मणियाराची सही असावी, तशीच मारवाडी कापडवाल्याची आणि माळी भाजीवाल्याचीही. गाठोड्याला जात नसते.

या साऱ्यात आपल्या दाराशी आलेली एक गोष्ट विसरू नये. जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या लाइनीस ९ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, खर्च ७,१०६ कोटी रुपये. भोकरदन, सिल्लोड, अजिंठा या बाजूने ती जाणार. इन्शाअल्लाह ती झाली तर धावड्याच्या माणसाला रेल्वेसाठी जालना किंवा जळगाव गाठावे लागणार नाही. पण भोकरदनचे स्टेशन एस.टी. स्टँडपासून किती दूर असेल, तेथे माल ठेवण्यास शेड आणि टेम्पोला रस्ता असेल की नाही, रात्री दोनला उतरणाऱ्याला धावड्याकडे काही वाहन मिळेल काय, हे प्रश्न जमीन मोजली जात असतानाच विचारावे लागतात. फलाट बांधून झाल्यावर तो कोणी सरकवीत नाही.