एकच माप

सेक्टर 10 मधल्या आमच्या ओळीत संध्याकाळी खुर्च्या अंगणात आल्या की तीन-चार भाषांत गप्पा रंगतात. पोलाद कारखान्यापायी देशभरची माणसं भिलाईत आली. आमच्या भिंतीपलीकडे मल्याळी ख्रिस्ती कुटुंब राहतं. मध्यंतरी अशाच गप्पांत एका शिकल्यासवरल्या मराठी स्नेह्याने ठणकावून सांगितलं, "बायबल हे सम्राट कॉन्स्टंटाइनने घडवलेलं पुस्तक. इसवी सन 325 मध्ये नायसियाच्या परिषदेत मतदान झालं आणि काय ठेवायचं, काय टाकायचं ते ठरलं." त्या घरच्या चेची (मल्याळीत थोरली बहीण) ऐकत होत्या, बोलल्या नाहीत. मी ख्रिस्ती नाही. घरात ज्ञानेश्वरीचं पारायण ऐकत वाढलेला माणूस आहे. तरीही, किंबहुना म्हणूनच, मला गप्प बसवत नाही.

आधी नायसियाचं पाहू. तिथला मुख्य वाद एरियसच्या मताचा होता: पिता आणि पुत्र यांचं नातं काय? ईस्टर कधी पाळावा, हाही प्रश्न होता. परिषदेने केलेले 20 नियम आज वाचायला मिळतात. धर्मग्रंथांच्या यादीबद्दल त्यांत एकही नियम नाही. शुभवर्तमानं चारच, असं लिऑनचा बिशप आयरेनियस इसवी सन 180 च्या सुमारास आग्रहाने मांडत होता. तेव्हा कॉन्स्टंटाइन जन्मलाही नव्हता. आजच्या नव्या करारातल्या नेमक्या 27 ग्रंथांची यादी पहिल्यांदा दिसते ती अलेक्झांड्रियाच्या अथानासियसच्या 367 मधल्या ईस्टरपत्रात. तोवर सम्राटाला जाऊन 30 वर्षं झाली होती. कॉन्स्टंटाइनने बिशप युसेबियसकडून 50 प्रती करवून घेतल्या, हे खरं. पण प्रती करवणारा ग्रंथकर्ता ठरत नाही.

याहून सबळ पुरावा आमच्या भिंतीपलीकडच्या परंपरेत आहे. केरळच्या सुरियानी ख्रिस्त्यांचं जुनं बायबल म्हणजे सिरियाक भाषेतलं 'पेशित्ता'. त्याच्या नव्या करारात मुळात 22 ग्रंथ. पेत्राचं दुसरं पत्र, योहानाचं दुसरं आणि तिसरं, यहूदाचं पत्र आणि प्रकटीकरण त्यात नव्हतं. इथिओपियाच्या चर्चची परंपरा जुना-नवा करार मिळून 81 ग्रंथ मोजते. सम्राटाच्या एका हुकमाने यादी ठरली असती, तर हे फरक शतकानुशतकं टिकले कसे? जे ग्रंथ ठिकठिकाणच्या उपासनेत वाचले गेले, ते राहिले. यादी वापराने ठरली, आणि हळूहळू ठरली.

आता दुसऱ्या टोकाकडे वळतो, कारण तिथेही सत्याला मुरड घातली जाते. काही प्रचारक सांगतात की या ग्रंथातलं अक्षर न् अक्षर जसंच्या तसं आकाशातून उतरलं. ग्रंथ स्वतः असं सांगत नाही. शुभवर्तमानकार लूक आरंभीच म्हणतो की आपल्याआधी अनेकांनी हा वृत्तांत लिहिला आणि आपण नीट शोध घेऊन लिहीत आहोत. पौलाचं रोमकरांस पत्र ज्याने कागदावर उतरवलं, तो तर्तिय पत्राच्या शेवटी स्वतःचं नाव घालून सलाम पाठवतो. मार्कच्या शुभवर्तमानातल्या शेवटच्या 12 ओव्या सिनाइटिकस आणि व्हॅटिकॅनस या चौथ्या शतकातल्या जुन्या हस्तलिखितांत नाहीत. पौलाच्या नावावरच्या 13 पत्रांपैकी 7 निर्विवाद त्याची. बाकीच्यांबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. इब्री लोकांस लिहिलेलं पत्र कोणाचं हे देवच जाणे, असं तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनने प्रांजळपणे म्हटलं. श्रद्धावंत ओरिजेनला हे कबूल करताना भीती वाटली नाही. आजच्या श्रद्धावंतांनाही वाटू नये.

यावर स्नेही म्हणाले, "म्हणजे माणसांचे हात लागलेच ना! मग पवित्र कसलं?" खरा मुद्दा इथे आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याच घरात आहे.

ज्ञानदेव बोलले; सच्चिदानंदबाबांनी शके 1212 मध्ये लिहून घेतलं. जवळजवळ तीन शतकांनी, शके 1506 मध्ये, एकनाथांना त्यात पाठभेद शिरलेले दिसले, तेव्हा त्यांनी प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला. पुढे इतिहाससंशोधक राजवाड्यांनी 1909 मध्ये वेगळ्या पाठाची ज्ञानेश्वरी छापली. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्यांत संताजी जगनाडे होते. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करायला पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या विद्वानांना 1919 ते 1966 एवढा काळ लागला. यामुळे ज्ञानेश्वरी खोटी ठरली, असं कोणा वारकऱ्याने म्हटलं का? उलट नाथांनी केलेलं संशोधन आपण सेवा मानतो. मग तर्तिय लेखनिक असला तर तो भेसळ करणारा, आणि सच्चिदानंदबाबा लेखनिक असले तर ते भक्त, हा न्याय कुठला? धान्य एकाच पायलीने मोजावं.

हे माप मराठीत एका बाईने कृतीने दाखवून दिलं. पंडिता रमाबाईंना संस्कृत शास्त्रांचं बाळकडू मिळालेलं. बायबल सोप्या मराठीत यावं म्हणून त्यांनी दुसऱ्या कोणाच्या भाषांतरावर विसंबणं नाकारलं. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि केडगावच्या मुक्ती सदनात वर्षानुवर्षं खपून साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळा ग्रंथ आणला. एप्रिल 1922 मध्ये त्या गेल्या; संपूर्ण बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. ग्रंथाला मानवी हात लागतात म्हणून त्यांची श्रद्धा डळमळली नाही. आपलाही हात त्याला स्वच्छ लागावा म्हणून त्या मुळापर्यंत गेल्या.

खंडनमंडन ही आपली जुनी रीत आहे. 1831 मध्ये मुंबईत हिंदू शास्त्री मोरभट दांडेकर आणि ख्रिस्ती मिशनरी जॉन विल्सन यांचा जाहीर वाद झाला, तेव्हा दोघांनीही समोरच्याचे ग्रंथ चाळले होते. आधी पूर्वपक्ष नीट मांडावा, मगच उत्तर द्यावं. बायबलवर टीका जरूर करावी; त्यातल्या विसंगती दाखवाव्यात, येशूच्या देवत्वाला नकारही द्यावा. पण ऐकीव गोष्टीवर शेजाऱ्याच्या ग्रंथाला बनावट म्हणू नये.

त्या संध्याकाळी चेची गप्प राहिल्या, ते त्यांच्यापाशी उत्तर नव्हतं म्हणून असेल असं मला वाटत नाही. शेजार राखायचा होता त्यांना. पण त्यांच्या बाजूचं खरं बोलायची पाळी त्यांच्यावर का यावी? अंगणात आणखी माणसं होती, ज्ञानेश्वरी वाचणारी. ते आमचं काम होतं.