तडजोड की तोंडबंदी?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या अंगात इतकी मुरली आहे की, दोन बड्या कंपन्यांनी पेटंटचा दावा काढून घेऊन परवान्याचा करार केला, असे वर्तमानपत्रात वाचले की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. भांडण मिटले, झाले! कितीला मिटले, हे विचारणे जणू असभ्यपणाचे. माझे म्हणणे असे की, ते अवश्य विचारावे. आणि दिवाळीला घरात नवा मोबाईल आला असेल, तर आधी विचारावे. त्या गुप्त आकड्यातला आपला वाटा आपण दुकानातच भरून आलेलो असतो.

बिनतारी विद्येतल्या तडजोडीचे खरे स्वरूप पाहायचे, तर एडविन आर्मस्ट्राँगकडे पाहावे. नभोवाणीतली खरखर घालवणारी एफ्. एम्. पद्धत या अमेरिकन गृहस्थाची; पेटंट 1933 चे. जनरल इलेक्ट्रिक, झेनिथ यांनी परवाने घेतले आणि रॉयल्टी देऊ केली. 1940 साली बलाढ्य आर्. सी. ए. कंपनी म्हणाली, "दहा लाख डॉलर एकरकमी घ्या, रॉयल्टीचे नाव काढू नका." त्याने नकार दिला.

हेकट माणूस, असे कोणी म्हणेल. पण विचार करा : लहान कारखानदार रॉयल्टी मोजतात आणि सर्वांत मोठा एकदाच थैली टाकून मोकळा होतो, तर मोजणारे मूर्खच ठरले, नाही का? तो पैशासाठी अडला नव्हता, समान दरासाठी अडला होता.

1948 साली त्याने दावा लावला. प्रतिपक्षाच्या वकिलांनी जबानीतच त्याला वर्षभर घोळवले. 1950 च्या अखेरीस पेटंटची 17 वर्षे भरली, पुंजी आटली, संसार विस्कटला. आणि 1954 च्या जानेवारीअखेर, न्यू यॉर्कमधल्या उंच घराच्या खिडकीतून त्याने स्वतःला झोकून दिले. त्याच वर्षाच्या शेवटी विधवा मॅरियनने आर्. सी. ए.शी तडजोड केली. रक्कम? दहा लाख डॉलरांहून किंचित अधिक! मधल्या 14 वर्षांच्या महागाईने त्या डॉलरची किंमत निम्म्यावर आली होती. शोध कोणाचा, यावर मात्र त्या दाव्यात निकाल लागलाच नाही. ही बाई मोठी चिवट. बाकीच्या कंपन्यांशी ती लढत राहिली आणि मोटोरोलाविरुद्धचा शेवटचा दावा 1967 मध्ये जिंकूनच थांबली.

आता उलट बाजू. शोधक नेहमी गरीब आणि कंपनी नेहमी दुष्ट, असेही नाही. एन्. टी. पी. नावाच्या अमेरिकन संस्थेने एकही यंत्र बनवले नव्हते. तिच्याजवळ फक्त पेटंटे होती. पेटंट कचेरी फेरतपासणीत त्यांच्या विरुद्ध मत देत चालली असतानाही ब्लॅकबेरीच्या कॅनेडियन कंपनीने 2006 साली 61 कोटी 25 लाख डॉलर मोजले. सेवाच बंद पाडणारा मनाई हुकूम डोक्यावर लटकत होता. याला करार म्हणायचे, तर वाटमारीलाही देवघेव म्हणावे लागेल.

मग काय, सगळ्यांनी वर्षानुवर्षे कोर्टातच झिजावे? मुळीच नाही. परवाना हा चांगलाच मार्ग आहे. पण दर झाकलेला नसावा. जी पेटंटे मान्य मानकाचा भाग झाली, जी टाळून फोन बनतच नाही, त्यांचा परवाना न्याय्य, वाजवी आणि भेदभावरहित अटींवर देण्याचे वचन मालक स्वतःच देतात. दर गुलदस्त्यात असेल, तर भेदभाव झाला की नाही हे शेजारच्या कारखानदाराने कसे ताडावे? एरिक्सनने 2013 साली मायक्रोमॅक्सला दिल्लीच्या उच्च न्यायालयात खेचले, तेव्हा अंतरिम रॉयल्टी ठरली ती फोनच्या विक्रीच्या किमतीवर. म्हणजे कॅमेरा चांगला बसवला, पडदा मोठा केला, तरी लहरींच्या पेटंटवाल्याचा वाटा वाढणार! हे बरोबर की चूक, याचा कायमचा निकाल आपल्या सर्वांना हवा होता. पण 2018 साली उभयपक्षी समेट झाला, आणि प्रश्न फायलीबरोबर बासनात गेला.