कायद्याची विद्या कोणाची?

विद्येची थोरवी आम्ही मुलांना जन्मभर सांगत आलों. परंतु ती कोणाच्या उपयोगी पडते, हा प्रश्न आमच्या घरांतून क्वचितच निघतो. डहाणू व तलासरी या तालुक्यांकडे पाहिलें म्हणजे तो टाळतां येत नाहीं.

एके काळीं तेथील वारल्यांस कायदा म्हणजे सावकाराची चोपडी व जमीनदाराची वेठ, एवढाच ठाऊक होता. अक्षर न कळणाऱ्याचा अंगठा कागदावर उठे आणि वाडवडिलांची जमीन हातची जाई. १९४५ सालीं वारल्यांनीं वेठीविरुद्ध उठाव केला. त्यांच्या पाठीशीं उभ्या राहिलेल्या गोदावरीबाई परुळेकर पुण्याच्या एका वकिलाच्या कन्या असून स्वतः कायद्याच्या पदवीधर होत्या. त्यांचें कार्य मोठें. तथापि ती विद्या बाहेरून आलेली होती.

पुढें तीच विद्या तलासरी तालुक्यांतील कवाडा गांवीं एका आदिवासी घरांत रुजली. १९५० सालीं जन्मलेले चिंतामण वनगा वकील झाले. गोदावरीबाई लाल बावट्याच्या, तर वनगा भारतीय जनता पक्षाचे. १९९६ सालीं ते डहाणूंतून लोकसभेवर गेले. १९९८ सालीं पडले. १९९९ सालीं पुन्हां निवडून आले. २००४ व २००९ सालीं पुन्हां पराभव. परंतु २००९ सालींच विक्रमगडांतून ते विधानसभेवर गेले आणि २०१४ सालीं पालघरमधून तिसऱ्यांदा खासदार झाले. ३० जानेवारी २०१८ रोजीं दिल्लींत त्यांचें निधन झालें.

या जागा अनुसूचित जमातींसाठीं राखीव. राखीव जागा म्हणजे आयतें वाढलेलें ताट, असें आमच्या मंडळींत सहज बोललें जातें. तीन वेळां पडून पुन्हां लोकांपुढें जाणाऱ्यास आयतें काय मिळालें, याचा विचार बोलणारांनीं करावा.

पक्षांचा निवाडा मतदारांचा. तो आम्ही करीत नाहीं. आम्हांस मोलाची वाटते ती गोष्ट इतकीच कीं, ज्या मुलखांत कागदाचें भय होतें, तेथलाच माणूस कायदे घडतात त्या सभागृहांत जाऊन बसला. दुसऱ्याचा कागद त्याला वाचून दाखविणें हा उपकार झाला. त्याला तो स्वतः वाचतां येईल असें करणें, हें ऋण फेडणें होय. आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईचा मुलगा कितवींत आहे, हें आज तिला विचारून पाहावें. आरंभ तेथून होतो.